सात बांगडे

रजिस्टरात व्यवसायाच्या रकान्यात त्याने लिहिलं: टेनिस.
मी विचारलं, ते कळलं, पण नोकरी कुठे?
तो हसला. रॅकेटांची पिशवी उजव्या खांद्यावरून उतरवायला
त्याला डाव्या हाताची मदत लागली.

गास्पार मोलिनेर. वय बावीस. जगात चारशे बारावा.
पुण्यात पहिल्याच फेरीत हरला
आणि रात्रीच्या एसटीने घाट उतरून देवबागला आला,
पुढच्या स्पर्धेला पाच दिवस होते म्हणून,
आमची खोली शहरातल्या हॉटेलापेक्षा स्वस्त म्हणून.
बुटांच्या तळाला लाल माती,
आमच्या चिऱ्याच्या खाणीतली वाटावी अशी.
घरची आहे, म्हणाला. झटकली नाही.

देवबाग म्हणजे एका हाताला खाडी, एका हाताला समुद्र,
मधल्या अरुंद पट्टीवर माड आणि आम्ही.
तो गच्चीवर उभा राहून म्हणाला,
जाळीवर आदळलेला चेंडू असाच असतो,
कुठल्या बाजूला पडेल सांगता येत नाही.

सकाळी रापण लागली होती.
कुणी बोलावलं नाही, तरी तो दोरीला जाऊन लागला,
टाचा वाळूत रोवून, कंबर मागे टाकून,
जणू जन्मभर हेच केलं असावं.
दोन तासांनी जाळं आलं: जेलीफिश, कचरा, थोडे बांगडे.
दाजी तांडेलाने त्याचा पंजा उलटा करून पाहिला.
"बगलंस? हेच्या हातार पण घट्टे!"
वाटे पडले तेव्हा हा मागे सरकला, मी पाहुणा म्हणत.
"दोरयेक हात लायलंस ना? मगे वाटो घे."
सात बांगडे.

रात्री तिखल्याने नाक पुशीत त्याने सांगितलं,
पुण्यात मिळाले एकशे छप्पन्न डॉलर, कर कापून.
हरल्याचे पण देतात?
दोरीला हात लावल्याचे, तो म्हणाला.

पुढची अकरा वर्षं मी त्याला आकड्यांत पाहिला.
मोबाइलवर नुसता धावफलक, चित्र नाही.
मोनास्तिर, फर्गाना, असली गावं मला त्याच्यामुळे ठाऊक.
सहा-तीन, चार-सहा, तीन-तीन,
आणि मग वीस मिनिटं आकडा हलत नाही.
पाऊस? पाय मुरगळला? खांदा?
उशीर झालेल्या होडीचा दिवा शोधावा
तशी मी काचेवर बोट ठेवून बसे.

दोनशे अठ्ठ्याऐंशी. एकशे नव्वद. एकशे एकतीस.
त्या मे महिन्यात पॅरिसला मुख्य फेरीत खेळला,
पाच सेट. मी पडवीला झावळ्या बांधत होते,
सुंभ दातात, मोबाइल शिडीच्या पायरीवर.
शेवटचा सेट पाच-सात.
संध्याकाळी दाजीला सांगितलं.
"जितलो?"
"नाय."
"वाटो गावलो?"
"गावलो. वर्षभर पुरात इतको."
"मगे झाला तर."

नंतर खांदा कापला.
तीनशे चाळीस. सातशे दोन.
एका सोमवारी यादीत नावच नव्हतं.
मी वरून खाली, खालून वर दोनदा पाहिलं,
कुणी चुकून वगळलं असेल म्हणून.

इथेही रात्री समुद्रावर ट्रॉलरांच्या दिव्यांचं शहर उगवतं.
रापणीला चाळीस माणसं लागायची,
गेल्या वर्षी अकरा जमली, त्यांतली चार गिऱ्हाइकं, फोटोसाठी.
जाळं मांगरात. उंदरांनी एक कोपरा खाल्ला.
रजिस्टरात त्याच्या ओळीत जाण्याची तारीख कोरीच आहे,
पहाटेच्या गाडीने गेला, सही राहिली.
मी भरली नाही.

परवा त्याचा फोटो आला, सोबत एक अक्षर नाही.
लाल मातीचं मैदान, उन्हं उतरलेली,
आठ-दहा पोरं एक रुंद जाळं दोरीने ओढताहेत,
खेळ संपल्यावर पावलांचे ठसे पुसायला.
मागे तो. केस गेलेले. उजवा हात खिशात.

दाजीने चष्मा वर केला,
फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला,
पुन्हा जवळ.
"दोरी बरी धरली हत पोरांनी," म्हणाला.
मग बराच वेळाने,
"थय कसली मासळी गावता गो?"